खिशाचा तळ

खिशाला तळ होता. एडना ओल्डरॉइडचा हात सवयीनं भोकातून खाली कोटाच्या अस्तरात उतरायला निघाला आणि मधेच कापडाला टेकून थांबला. बस सुटली होती. लीड्सचं ऑक्टोबरातलं धुकं काचांना बाहेरून चिकटलं होतं, आणि कंडक्टरबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. "काय गं बाई, आज मासेमारी नाही?" ती म्हणाली, आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. या मार्गावर सगळ्यांना ठाऊक होतं ते. दोन हिवाळे एडनाच्या या काळ्या कोटाचा उजवा खिसा फाटका होता. त्यात टाकलेली चिल्लर भोकातून घरंगळून थेट खालच्या काठाशी जाऊन बसायची, आणि मग तिकीट काढायला ती बाकावर तिरकी होऊन, अर्धा हात अस्तरात घालून, एकेक नाणं चाचपत वर आणायची. विल्फला ती दोन वर्षं सांगत होती. विल्फ तिचा नवरा. अडतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात खिसे शिवणारा माणूस. बाकी कोटाशी त्याचा संबंध नाही, बाही दुसरा लावणार, कॉलर तिसरा, याचे फक्त खिसे. अर्धं यॉर्कशर त्यानं शिवलेल्या खिशात हात घालून फिरतंय आणि माझ्या खिशातून हात पार गुडघ्यापर्यंत जातो, असं ती चारचौघांत म्हणायची. तो म्हणायचा, घरी आल्यावर खिशाचं नाव काढू नकोस, पुढल्या हिवाळ्यात बघू. आज या हिवाळ्यातला पहिला थंडीचा दिवस. एप्रिलात डांबरगोळ्या घालून ठेवलेला कोट तिनं आज सकाळीच कपाटातून काढला होता. आणि विल्फला जाऊन पाच महिने झाले होते.

तिनं पर्समधून पैसे दिले. तिकीट घेतलं. मग हात पुन्हा खिशात घातला, हळूच. नवं कापड होतं, अजून कडक, आणि तळाशी हाताची शिवण. बोटाच्या टोकानं तिनं ती शिवण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वाचली. सुरुवातीचे टाके बारीक, सारखे, एकापुढे एक. पुढे ते मोठे होत गेले होते, आणि शेवटी शेवटी तर एखाद्या नवशिक्या पोरीनं घातल्यासारखे वेडेवाकडे; पण गाठ घट्ट मारलेली. आणि त्या तळाशी काहीतरी होतं. गार, गोल, दोन्ही बाजूंनी उघडं. न बघताच तिला कळलं. विल्फचं अंगुस्तान, तो शिवताना बोटात घालायचा ते. शेजारी खडूचा चपटा तुकडा. मिटलेला छोटा चाकू. आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी टणक, ते पेपरमिंट असणार. चार वस्तू. तिनं बाहेर काढल्या नाहीत. खिशातच मूठ मिटली आणि खिडकीकडे तोंड केलं. खिडकीतून काही दिसत नव्हतं, पण तोंड कुठेतरी करायला हवं होतं.

या चार वस्तू तिनं यापूर्वी एकदाच एकत्र पाहिल्या होत्या. मार्च महिना. संध्याकाळचं खाणं झालं होतं. झालं म्हणजे तिचं झालं होतं, त्यानं दुधातल्या पावाचे तीन घास खाऊन बशी सरकवली होती. ती भांडी विसळत होती. मागे वळून बघते तर विल्फ जाकिटाचे खिसे रिकामे करतोय. एकेक वस्तू काढून टेबलावरच्या मेणकापडावर ओळीनं मांडतोय. अंगुस्तान. खडू. चाकू. पेपरमिंटची अख्खी गोळी. मग त्यानं दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले, पांढरे कान लोंबावेत तसे, आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "कफनाला खिसे नसतात, एडना." हसत म्हणाला होता. त्याच्या धंद्यात तो विनोदच होता. कारखान्यात कुणी रिटायर होताना हमखास कुणीतरी म्हणायचं, अरे, देव खिसेवाल्यांना काम देत नाही, तिथे कफनं शिवतात. पण त्या दिवशी तो म्हणाला आणि थांबला. वाट बघत थांबला. आता कळतंय की वाट बघत थांबला. तेव्हा एडनाच्या हातातला कप निसटून फुटला, आणि ती एकदम वसकन अंगावर गेली: "भर ते परत! भर म्हणते ना! म्हणे कफन. उद्या कामावर जायला लागलास की लागेल ते सगळं. श्वास आहे तोवर आस आहे." आणि विल्फनं खिसे आत ढकलले. एकेक वस्तू उचलली आणि परत आत ठेवली. खडू, चाकू, गोळी, शेवटी अंगुस्तान. शाळेतल्या मुलासारखा गुपचूप. ती पाठ करून कपाचे तुकडे गोळा करत बसली होती, म्हणजे त्यानं तोंड बघू नये म्हणून.

कारण तिला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. असं तिनं धरून ठेवलं होतं. फेब्रुवारीत डॉक्टर पिकर्सगिलनं तिला दवाखान्याच्या बाहेरच्या बोळकांडीत नेलं होतं, दार ओढून घेतलं होतं आणि स्वतःच्या बुटांकडे बघत सांगितलं होतं: "गाठ पसरलीय, मिसेस ओल्डरॉइड. तीन महिने. फार तर चार. त्याला मी अल्सर म्हणून सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा. कळलं की माणूस आधीच मरतो." तिला ते पटलं. न पटायला काय झालं? तिच्या वडिलांना असंच सांगितलं नव्हतं, आईलाही नव्हतं. त्यांच्या गल्लीत आजपर्यंत कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं. सांगत नाहीत. चहा करतात, उशी सरळ करतात, आणि म्हणी म्हणतात. म्हणी किती! विल्फची थोरली बहीण आयव्ही तर म्हणींची कोठीच होती. नाताळात बर्फ पडला नाही तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली होती, "हिरवा नाताळ, भरलेलं कबरस्तान," आणि विल्फ तेव्हा धडधाकट बसून मटण कापत होता. मग विल्फ आजारी पडला तेव्हा तीच आयव्ही त्याला म्हणायची, "कुरकुरतं फाटक सगळ्यात जास्त टिकतं, आम्हाला सगळ्यांना पोचवून येशील तू." एडनाही म्हणायला शिकली. आधी जीभ अडायची, मग सरावली. त्याला उलटी झाली की म्हणायचं, पोट साफ झालं. तो बारीक झाला की म्हणायचं, वसंत आला की भरशील. तीन महिने तिनं एक दिवस चुकू दिला नाही. रात्री स्वयंपाकघरात टॉवेल तोंडात कोंबून रडायची आणि सकाळी वर चहा घेऊन जायची तेव्हा शीळ घालत जायची, खरंच शीळ घालायची. त्या शिळेचा तिला अभिमान होता. माझ्या नवऱ्याला मी शेवटच्या दिवसापर्यंत भीतीचा वारा लागू दिला नाही, हे एकच ती पाच महिने उशाशी घेऊन झोपत आली होती. दुसरं होतं काय तिच्याजवळ?

आणि हिवाळ्याचा कोट एप्रिलात कोण दुरुस्त करतं? जो पुढल्या हिवाळ्यात असणार आहे, तो म्हणतो पुढल्या हिवाळ्यात बघू. एडना बाकावर बसल्या बसल्या तो दिवस शोधायला लागली. कोट ठेवला ईस्टरनंतरच्या शनिवारी, वरच्या कपाटात. विल्फची खाट तेव्हा खाली पुढल्या खोलीत आणली होती, जिना त्याला चढवत नव्हता. मग सापडला. सोमवार. सोमवारी ती कपडे धुवायला नगरपालिकेच्या धुणघरात जायची, तीन तास तरी मोडायचे. परत येऊन बघते तर विल्फ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला, पांढराफटक, ओठ निळे, दोन्ही हात कठड्याला. "वर काय करत होतास रे?" "रुमाल शोधत होतो." "रुमाल? अरे, उशीखाली ढीग आहे रुमालांचा! पडला असतास म्हणजे?" केवढी ओरडली होती ती त्याला. ओरडत ओरडत त्याला काखेत धरून खाटेवर नेलं, आणि नेताना त्याच्या बोटाला सुई टोचल्याचा रक्ताचा ठिपका होता तो तिनं पाहिला आणि विचारलं नाही. त्या घरात तेव्हा कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तो शिवताना श्वास रोखायचा. चांगल्या तयार कापडाला खिशासाठी मधोमध चीर द्यायची म्हणजे एकदा चाकू लागला की परत नाही, म्हणून श्वास रोखायचा, अडतीस वर्षं. त्या दिवशी कपाटाशी उभं राहून, की बसून, की पलंगावर आडवं पडून, किती वेळा रोखला असेल? जाताना तेरा पायऱ्या. येताना दहाच जमल्या.

"अगं ए, शेवटचा स्टॉप! घर करायचंय का बसमध्ये?" कंडक्टरबाई म्हणाली. एडना उतरली. दर बुधवारी ती आयव्हीकडे चहाला यायची. विल्फ होता तेव्हा त्याच्याबरोबर, आता एकटी. पण पाच महिने तिच्या मनात आयव्हीविषयी एक अढी होती, आणि त्या अढीची आता तिला लाज वाटायला लागली. विल्फ गेल्यावर जाकीट चॅपलच्या जुन्या कपड्यांत द्यायला काढलं तेव्हा त्याचे खिसे रिकामे होते. अंगुस्तान नाही, काही नाही. तो गेला त्या दिवशी घरात माणसं तरी कोण होती? कफनपेटीवाले दोघे, आणि आयव्ही. कफनपेटीवाल्यानं विचारलं होतं, स्वतःचा सूट घालायचा की आमचं कफन, आणि एडनाच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत आयव्ही बोलून मोकळी झाली होती, "कफनच घाला, सॅटिनचं, पुढे चुण्यांचं. आमच्यात तसंच करतात." पुढल्या खोलीत पडदे ओढून त्याला ठेवलं होतं, आणि एडना त्याच्या तोंडाकडे बघण्याऐवजी त्या पांढऱ्या चुण्यांत खिसा शोधत उभी राहिली होती. पुरताना पाऊस आला तर आयव्ही म्हणाली, "पावसात पुरलेला भाग्यवान." नंतर उकडलेलं हॅम, पाव, लोणच्यातले कांदे, सगळं रीतसर झालं, लोक म्हणाले छान निरोप दिलात. आणि एडनाच्या मनात मात्र एकच: माझ्या नवऱ्याचं अंगुस्तान या बाईनं उचललं.

आयव्हीनं दार उघडलं ते खोकतच. सत्तरी उलटलेली, छातीचा दमा, अंगावर दोन स्वेटर आणि वर ॲप्रन. "ये. उशीर केलास. चहा पार काळा झाला, माझ्या नशिबासारखा." एडना बसली नाही. कोटसुद्धा काढला नाही. टेबलाशी उभं राहून तिनं मूठ उघडली आणि अंगुस्तान आयव्हीच्या बशीत ठेवलं. टण्ण वाजलं. आयव्हीनं ते बघितलं, मग कोटाच्या खिशाकडे बघितलं, आणि किटली खाली ठेवली.

"मिळालं म्हणायचं," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं."

"थंडी पडायची वाट बघत होते. यंदा मेली थंडीच पडेना. दर बुधवारी तू त्या पातळ रेनकोटात यायचीस आणि मी मनात म्हणायची, बाई, गारठ एकदाची."

"त्याला कळलं होतं का, आयव्ही? तेवढं सांग. म्हणी नकोत."

आयव्हीनं तोंड उघडलं, आणि एडनाला दिसलं की जिभेवर म्हण आलीच होती, सवयीनं, हात आपोआप ॲप्रनकडे जावा तशी. पण ती गिळली बाईनं. खुर्ची ओढून बसली. "पहिल्या दिवशीच," ती म्हणाली. "डॉक्टरनं तुला बोळकांडीत नेलं ना, तेव्हाच. मला म्हणाला, आयव्ही, अल्सर झालेल्याच्या बायकोला कुणी बोळकांडीत नेत नाही." हे सांगताना तिला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला, खोकता खोकता डोळे पुसावे लागले. "तू आधीच मला शपथ घातली होतीस, त्याला सांगू नकोस म्हणून. मग तो आला, त्यानं शपथ घातली, तिला सांगू नकोस की मला ठाऊक आहे. मी काय करणार होते? दोघांच्या मधे बसून म्हणी म्हणत होते. दुसरं येतं काय मला?"

"तुझ्याकडे आला होता? कधी?"

"मार्चमधे. बसनं आला एकटा. तू म्हणे केस करायला गेली होतीस. खिशाचं कापड मागायला आला, आणि काळा दोरा. या खुर्चीत बसला."

एडनानं त्या खुर्चीकडे बघितलं. साधी खुर्ची, पाठीला एक फळी कमी. तिला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय इथून पाय निघणार नव्हता. "घाबरला होता?"

"घाबरणार नाही तर काय गं? माणूस होता. रडला. लहान असताना माझ्या ॲप्रनला नाक पुसायचा, तसंच पुसलं. एकसष्ट वर्षांचा घोडा."

एडनाच्या छातीत काहीतरी पेटलं, आणि ते दुःख नव्हतं, तो चक्क मत्सर होता. माझ्यासमोर का नाही रडला? माझा ॲप्रन काय फाटला होता? तीन महिने मी त्याचं ओकलेलं काढलं, त्याला कुशीवर वळवलं, त्याची नखं कापली, आणि रडायला हा बस पकडून बहिणीकडे! ती तसं बोललीसुद्धा, मोठ्यानं, आयव्हीच्या घरात कपबशा थरथरतील इतक्या मोठ्यानं. आयव्हीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्याशी बोलायला गेला होता एकदा. खिसे काढून दाखवले म्हणे तुला. हे सगळं तुझ्या हातात द्यायचं, आणि मग बोलायचं, असं ठरवून बसला होता. तू सगळं परत भरायला लावलंस."

बाहेर कुणाची तरी हातगाडी गेली.

"रागावला होता माझ्यावर?"

"छे. हसला. म्हणाला, तिला खिसे रिकामे बघवत नाहीत. म्हणाला, आयव्ही, ती इतक्या नेटानं खोटं बोलतेय, सकाळी शीळ घालत जिना चढते, तुला माहितेय तिला शीळ घालता येत नाही. आता मधेच थांबवलं तर पडेल ती. चालू दे तिचं. मी बघतो." आयव्हीनं अंगुस्तान बशीतून उचललं, ॲप्रनला पुसलं आणि एडनाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली. "मेलेली माणसं गोष्टी सांगत नाहीत म्हणतात," ती म्हणाली, आणि मग कसनुशी झाली. "बघ. आलीच एक."

एडना चहा न घेता निघाली. बसनं न जाता चालत निघाली, नदीवरच्या पुलावरून, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेनं, उजवा हात खिशात. पाच वाजता भोंगे झाले, बाया घोळक्यानं बाहेर पडल्या, हसत, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, कोटांवर दोऱ्याची कुसं चिकटलेली. तिला कुणी ओळखलं नाही. ती शिळेचा विचार करत होती. म्हणजे तो पडून ऐकत असायचा. खाट खाली आणली नव्हती तेव्हा वर पडून, नंतर खाली पडून, ती स्वयंपाकघरात टॉवेल तोंडात कोंबायची तेसुद्धा ऐकत असणार. घर केवढं, भिंत केवढी. आणि मग सकाळी शीळ आली की तोंड नीट करून म्हणत असणार, चला, आली. ती त्याला भीतीपासून जपत होती आणि तो तिला तिच्या खोट्यावरून पडू नये म्हणून जपत होता, आणि दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना तीन महिने एकटे बसले होते. तीन महिने! नव्वद संध्याकाळी. त्यातली एक. एक संध्याकाळ तरी. ती रस्त्यात थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "काय केलं मी हे?" एक बाई वळून बघत गेली.

घरी आली तेव्हा दिवे लागले होते. तिनं कोट काढला नाही, शेगडी पेटवली नाही. टेबलावरचं मेणकापड पुसलं, आणि खिशातून एकेक वस्तू काढून त्यानं मांडल्या होत्या त्याच क्रमानं मांडली. अंगुस्तान. खडू. चाकू. शेवटी कागदाची पुडी. मग ती समोरच्या बाजूला, भांडी विसळताना उभी होती तिथे जाऊन उभी राहिली. त्या संध्याकाळी जिथून वसकन ओरडली होती तिथूनच तिनं हात पुढे केला.

"दे," ती म्हणाली. "आण इकडे. घेते मी, विल्फ."

टेबलापलीकडे त्याची खुर्ची होती आणि खुर्चीत कुणी नव्हतं. ती जरा वेळ तशीच हात पुढे करून उभी राहिली. मग स्वतःच टेबलापर्यंत आली, पुडी उचलली आणि कागद सोडवायला लागली. चॅपलमधे दर रविवारी प्रवचन सुरू झालं की विल्फ खिशातून पेपरमिंट काढायचा, दाढेखाली धरून कटकन दोन तुकडे करायचा, एक स्वतः ठेवायचा आणि दुसरा न बघता तिच्या हातात सरकवायचा. बत्तीस वर्षं. मार्चच्या त्या संध्याकाळी टेबलावर गोळी अख्खी होती, तिला पक्कं आठवत होतं. ईस्टरनंतर तर त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं.

कागद उघडला. आत अर्धी गोळी होती. एका बाजूला दाताची खूण.

एडनानं ती तोंडात घातली. पेपरमिंटला डांबरगोळ्यांचा वास लागला होता, जीभ बधिर होत होती. ती विल्फच्या खुर्चीशेजारच्या आपल्या खुर्चीत बसली, आणि गोळी पार विरघळेपर्यंत चघळत राहिली.